बाभळीवरचं आठवं अंडं

सोलापूर
३ मार्च २०२५

प्रिय सोनाली,
सलाम.

परवा तुझा फोन आला, तो शेजारच्या लालबीनं उचलून माझ्या कानाला लावला. मला नुसती गुणगुण ऐकू आली. कानातलं यंत्र आता शोभेपुरतंच राहिलंय. सूनबाई काय म्हणाली, असं विचारलं तर लालबी कानाशी ओरडून म्हणाली, "कुछ नै बोली. रो रई थी." म्हणून हे पत्र. आपल्या दोघींमध्ये जे बोलायचं आहे ते ओरडून बोलण्यासारखं नाही. आणि तू शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवतेस, तेव्हा तुला जड जाऊ नये.

परवाच्या बुधवारी उपवासकाळ सुरू होतो. ईस्टर यंदा वीस एप्रिलला. माझी अंड्यांची तयारी सुरू झाली. लग्नानंतरच्या पहिल्या ईस्टरला तू आमच्या चर्चमध्ये आली होतीस, तेव्हा वाळक्या बाभळीच्या फांदीवर टांगलेली कापडी अंडी बघून तू भारतला विचारलं होतंस, "ही एवढी कळकट का?" तो गाढव सगळ्या मंडळीला सांगत सुटला होता. मला राग आला नव्हता, पण तेव्हा नीट सांगायचं राहिलं ते आता सांगते.

गेल्या ईस्टरपासून ह्या ईस्टरपर्यंत मंडळीतलं जे कुणी देवाघरी गेलं, त्याच्या अंगावरच्या कापडाच्या पाकळ्या रिकाम्या टरफलावर खळीनं चिकटवून एक अंडं करायचं. माझ्या सासूबाईंनी हे सुरू केलं. पहिल्याच वर्षी एका कंत्राटदाराच्या घरून रेशमी शालू आला आणि एका मिलकामगाराच्या घरून फाटकी बंडी. दोन्ही शेजारी टांगली तर लोक शालूकडंच बघत राहणार. मग सासूबाईंनी दोन्ही अंड्यांवर खडूची पूड आणि डिंक फासला, उन्हात ठेवून तो तडकू दिला, चहाच्या पाण्यात बुडवली, भेगांत काव, म्हणजे तांबडी माती, चोळली आणि वरून मेण घासलं. दोन्ही सारखीच जुनी दिसायला लागली, पणजीच्या पेटीतून काढल्यासारखी. तेव्हापासून ती रीत. ईस्टरच्या पहाटे पाळक नावं वाचतात आणि ज्याचं माणूस गेलं तो पुढं होऊन आपलं अंडं उतरवून घरी नेतो.

यंदा सात घरांची कापडं यायची आहेत. आठवं आपलं.

हे वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला. भारतला जाऊन तीन महिने झाले, आणि अजून माझ्या हाताला ते खरं वाटत नाही. माझ्याकडं त्याचं काहीच नाही गं. आठ वर्षांपूर्वी तो अकलूजच्या साखर कारखान्यावर गेला तेव्हा सगळे कपडे घेऊन गेला. लहानपणीचे होते, ते मीच बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला. त्या डब्यात मी साखर ठेवते. हल्ली बिनसाखरेचा चहा पिते, कारण तो डबा उघडवत नाही.

तेव्हा त्याचा एखादा शर्ट पाठव. माझे हात थरथरायला लागलेत. सुईनं अंड्याला भोक पाडताना यंदा तीन फोडली. पुढच्या वर्षी हे काम माझ्याच्यानं होणार नाही. शेवटच्या वर्षी माझ्या पोराचं माझ्या हातून व्हावं, एवढंच मागते.

तुझी,
आई


अकलूज
११ मार्च २०२५

ती. आईंना,
सा. नमस्कार.

पत्र मिळालं. तुम्ही ज्या वाक्यावर पाऊण तास अडलात, तिथंच मीही अडले.

फोन केला होता तो शाळेत परत जायला लागले हे सांगायला. पाचवीचा वर्ग दिलाय. पोरं शहाणी आहेत, कुणी काही विचारत नाही. एका मुलीनं मात्र टेबलावर बोरं आणून ठेवली आणि पळून गेली. माझे आईवडील माळशिरसहून येऊन माझ्याजवळ राहिलेत. दादांना इथं करमत नाही, मेंढरं भावाकडं सोपवून आलेत. दिवसभर ओसरीत बसून रस्त्यानं जाणाऱ्या दुसऱ्यांच्या मेंढरांना नावं ठेवतात.

आई, कापड मिळणार नाही. रागावू नका. आमच्याकडं तेराव्याच्या आत सगळं उरकतात. मी अंथरुणाला खिळलेली होते. दादांनी ह्यांच्या सगळ्या कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि नीरा नदीत सोडून आले. मला म्हणाले, "मेल्या माणसाची कापडं घरात ठिवू न्हाईत पोरी, जीव हितंच घुटमळतो. त्येला जाऊ दे की." मला तर तो घुटमळायलाच हवा होता.

एक शर्ट राहिला. न्हाणीघराच्या दाराआड खुंटीला होता, म्हणून दादांना दिसला नाही. तेवढाच, दुसरं काही नाही. तो मी कुणाला देणार नाही. कारण लिहिता येत नाही. तुम्ही त्यांच्या आई आहात, तुमचा हक्क माझ्याहून जुना आहे, हे मला कळतं. तरीही नाही.

तब्येतीला जपा. बिनसाखरेचा चहा पिऊ नका, तुम्हाला चक्कर येते.

तुमची,
सोनाली


सोलापूर
१६ मार्च २०२५

प्रिय सोनाली,
सलाम.

रागावू नका म्हणतेस. मी रागावले. दोन दिवस लालबीशीही बोलले नाही. ती दारात उभी राहून काहीबाही बोलत होती, मी ऐकूच आलं नाही असं दाखवलं. बहिरेपणाचा तेवढा तरी उपयोग.

कारण लिहिता येत नाही म्हणतेस, तर मीच लिहिते. व्याहीबुवांना आमची रीत पसंत नाही. आणि तू एकोणतीस वर्षांची आहेस. उद्या तुला नवा संसार मांडायचा असेल, तर गेलेल्या माणसाचं अंडं घरात कशाला ठेवायचं? मला हे समजतं. मी तुला कधीच अडवणार नाही. अंडं तू नेऊ नकोस, मी माझ्याकडं ठेवीन. पण ईस्टरच्या पहाटे त्याचं नाव वाचतील आणि फांदीवर काहीच नसेल, हे माझ्याच्यानं कसं बघवेल? चौतीस वर्षांचा मुलगा माझा. ह्याच चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, ह्याच चर्चमध्ये तो मेणबत्त्या चोरून खायचा. सात जणांना जागा मिळणार आणि त्याला नाही?

वरचं पान काल लिहिलं. आज वाचलं तर मला माझीच लाज वाटली, पण खोडत नाही. तुला माझा राग कळलेला बरा.

भारत सहा-सात वर्षांचा असताना शाळेतून यायचा तेव्हा त्याचे खिसे म्हणजे किराणा दुकान. चिंचोके, खडूचे तुकडे, मिलच्या कचऱ्यातले बॉबिन. एकदा जिवंत बेडूक होता, आणि मी चड्डी पाण्याला लावल्यावर तो माझ्या अंगावर उडाला. मी किंचाळले, भारत रडला, बेडूक मोरीतून निघून गेला. त्या दिवसापासून खिसा बघितल्याशिवाय मी कुणाचंही कापड पाण्याला लावलेलं नाही. तुलाही लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हे ऐकवलं होतं, आठवतं का?

अख्खा शर्ट नको गं. आठ पाकळ्या निघतील एवढंच कापड हवं, वीतभर. उरलेला शर्ट शिवून परत पाठवते. लालबी असा जोड देते की शोधून सापडणार नाही. बघ, विचार कर.

तुझी,
आई


सोलापूर
२७ मार्च २०२५

प्रिय सोनाली,
सलाम.

शर्ट सोमवारी एसटीच्या पार्सलनं पोचला. देव तुझं कल्याण करो. तू पाठवशील असं मला वाटलं नव्हतं. मागच्या पत्रात मी जे संसाराबिंसाराचं लिहिलं ते मनावर घेऊ नकोस.

इकडं ऊन तापायला लागलंय. डिंक तडकायला हे ऊन फार चांगलं, माणसाला वाईट. लालबीच्या घरून अंड्यांची सोय झाली आहे. तिचा नवरा अल्लाउद्दीन अंडाभुर्जीचा गाडा लावतो. तिनं सुईनं भोकं पाडून फुंकर मारायची, आतलं गाड्यावर जातं आणि टरफल माझ्याकडं येतं. फुंकून फुंकून तिचे गाल दुखायला लागले. म्हणते, पुढच्या जन्मी बँडवाल्याच्या घरी जाते. मैंदर्गीहून एका आजोबांचा पटका आलाय, इतका विरलेला की खळ लावली तर हातातच विरघळेल. खळीत यंदा मोरचूद जरा जास्त घातलं, गेल्या वर्षी एका अंड्याला कसर लागली होती. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे सगळी धुणी एकदमच करावी लागतात.

पार्सलात चिठ्ठी काही दिसली नाही. घाईत राहिली असेल. काही सांगायचं असलं तर लिहून कळव.

माझी तब्येत बरी आहे. व्याहीबुवांना आणि विहीणबाईंना सलाम सांग.

तुझी,
आई


अकलूज
२ एप्रिल २०२५

ती. आईंना,
सा. नमस्कार.

चिठ्ठी होती की. शर्टाच्या डाव्या खिशात, चार घड्या करून. पार्सल दादांच्या हातानं स्टँडवर जाणार होतं, वर ठेवली असती तर त्यांनी विचारलं असतं. आणि तुम्ही खिसा बघितल्याशिवाय राहणार नाही, हे मला माहीत होतं. त्यात एक फार महत्त्वाची गोष्ट लिहिली आहे. आधी ती वाचा, मगच शर्टाला हात लावा.

इथवर लिहून मी वर्गावर गेले होते. आता मधल्या सुट्टीत तुमचं पत्र पुन्हा वाचलं. शर्ट सोमवारी पोचला. सगळी धुणी एकदम करावी लागतात.

आई, तुम्ही शर्ट धुतलात का? खरं सांगा. नसेल धुतला तर तो तसाच पिशवीत घाला आणि गाठ मारा, अगदी आत्ता. अंड्याचं नंतर बघू.

मला उलट टपाली कळवा. मी फोन केला असता, पण लालबी मावशींच्या तोंडून मला हे ऐकायचं नाही.

सोनाली


सोलापूर
६ एप्रिल २०२५

सोनाली,

धुतला.

चोवीस तारखेला पाचव्या दिवशी पाणी आलं. सातही घरांची कापडं येऊन पडली होती. जुन्या कापडातला घाम, तेल आणि खळ निघाल्याशिवाय नवी खळ धरत नाही, अंड्याला महिनाभरात बुरशी येते. म्हणून आधी सगळं सोड्याच्या गरम पाण्यात बुडवायचं, ही माझी पन्नास वर्षांची सवय. सातही घरांचं कापड मी झटकलं, खिसे, ओचे, काठ सगळं चाचपलं. मैंदर्गीच्या आजोबांच्या पटक्याला कसला आलाय खिसा, तरी चाचपला. तेवढ्यात तुझं पार्सल आलं. मी गाठ सोडली. आतला निळा रंग दिसला आणि माझ्यानं पुढं बघवेना. मी डोळे मिटले आणि पिशवी बादलीवर उलटी केली. दांडक्यानं दाबून दाबून खाली घातला. तेवढ्या एकाच कापडाचा खिसा मी बघितला नाही. कान धड असते तर कागद वाजलेला तरी ऐकू आला असता.

दुसऱ्या दिवशी लालबी पिळायला आली, तिच्या हाताला लागलं. "इसमें कागद है गे राजा," असं ती खुणा करत माझ्या कानाशी ओरडली. लगदा झाला होता. शाई खिशाभर पसरली होती. मी तो लगदा ताटलीत घेऊन भिंग लावून बसले, एक अक्षर लागलं नाही.

आणि मग मी तुला खोटं लिहिलं. ऐन उपवासकाळात, टेबलावर बायबल असताना लिहिलं की चिठ्ठी दिसली नाही. तू घाईत विसरलीस असं तुझ्याच माथी मारलं. त्या पत्रातल्या पटक्याच्या आणि भुर्जीच्या गप्पा सगळ्या भीतीनं लिहिल्या होत्या.

तू काय जपत होतीस, ते तुझ्या प्रश्नावरून आज कळलं. मी शर्ट नाकाशी धरून बघितला. सोडा आणि ऊन. दुसरं काही नाही.

मी त्याची आई असून हे केलं. माफ कर असं लिहायलाही हात धजत नाही.

राजाबाई


सोलापूर
२१ एप्रिल २०२५

प्रिय सोनाली,

तुझं पत्र आलं नाही. येऊ नये असंच मी केलंय. तरी काल काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते. वाचायचं नसलं तर ठेवून दे.

बाकीची सात अंडी मी आधी केली. आठव्याला हात लावायला उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, उजाडला. शर्ट कापायचा नाही असंच ठरवलं होतं. मग फक्त खिसा उसवला, शाईच्या डागासकट. देशी कोंबडीचं लहानसं अंडं घेतलं म्हणून तेवढ्या कापडात भागलं. आठ पाकळ्या कापल्या, एकही वाकडी गेली नाही. त्या दिवशी हात थरथरले नाहीत, का ते मला माहीत नाही. तुझ्या चिठ्ठीचा लगदा मी टाकला नव्हता, ताटलीतच वाळला होता. तो कुस्करून टोकाच्या भोकातून आत घातला आणि भोक बुजवलं. तू लिहिलेलं आता त्याच्याजवळ आहे. मला वाचता आलं नाही, पण दुसऱ्या कुणालाही येणार नाही.

चहाच्या पाण्याचं सांगते. बाकीच्या सातांना कालच्या उरल्या पुडीचं पाणी चालतं. कारखान्यातल्या पाळीवरून येऊन भारतनं तुझ्याकडं चहा मागितला होता आणि तू चहा घेऊन येईपर्यंत तो गेला होता, हे तू मला दफनाच्या दिवशी सांगितलंस. म्हणून त्याच्यासाठी मी नवा चहा केला. आलं किसून घातलं. साखरेचा डबा उघडला आणि दोन चमचे साखर घातली, त्याला लागायची तशी. साखरेनं अंड्याला मुंग्या येतात, हे मला चांगलं माहीत आहे. आल्या तर येऊ देत. राहिलेला चहा त्याला पाजला, एवढंच मला वाटलं, आणि मी स्वयंपाकघरात खाली बसून रडले.

खडू तडकला, काव चोळली, मेण लावलं. पण तुझी शाई दबली नाही. भेगांतून निळी दिसते. फांदीवर एकट्याचंच वेगळं दिसतं, आणि सगळी सारखी दिसावीत हाच तर सासूबाईंचा नियम. मी ते तसंच ठेवलं. पन्नास वर्षांत एकदा मोडला तर त्या मला खातात की काय.

काल पहाटे पाळकांनी नावं वाचली. मला ऐकू येत नाही, मी त्यांच्या ओठांकडं बघत होते. एकेक घर उठत गेलं, अंडं उतरवत गेलं. शेवटी त्यांचे ओठ मिटले आणि उघडले, तेवढ्यावरून मी ओळखलं. सगळे माझ्याकडं वळून बघायला लागले. मी उठले नाही. पाळक खाली आले, मला हाताला धरायला लागले. मी म्हटलं, राहू द्या, त्याचं माणूस यायचंय.

फांदी अजून चर्चच्या कोपऱ्यात उभी आहे. बाभळीवर ते एकटंच आहे. उरलेला शर्ट मी घडी करून ठेवलाय. तुला हवा असेल का, हे विचारायची माझी हिंमत नाही.

आई


अकलूज
२९ एप्रिल २०२५

ती. आईंना,
सा. नमस्कार.

तुमचं सहा तारखेचं पत्र मी फाडून टाकलं होतं. मग तुकडे गोळा करून ते चिकटपट्टीनं जोडलं. पुन्हा फाडलं. तीन आठवडे मी असंच करत होते. तुमच्यावर इतका राग आला होता की वर्गात एका पोराला विनाकारण मारलं. मी आजवर कुणाला हात लावला नव्हता. घरी येऊन खूप रडले.

चिठ्ठीत काय होतं ते लिहिते. ती मी सहा वेळा लिहून काढली होती, त्यामुळे पाठच आहे.

"आई, धुऊ नका. हा शेवटच्या दिवशीचा शर्ट आहे. खालच्या काठातलं वीतभर कापड काढून घ्या, तेवढं धुतलंत तरी चालेल. पण कात्री लावायच्या आधी एकदा कॉलर नाकाशी धरा. ह्यांचा वास अजून त्यात आहे. इतके दिवस मी एकटीच घेत आले. तो तुमचाही आहे."

एवढंच होतं. खिशात घातली कारण हे मला तिथंच चिठ्ठ्या ठेवायचे. रात्रपाळीला जाताना काल घातलेला शर्ट खुंटीला आणि त्याच्या खिशात चिठ्ठी. दूध आण, गॅस संपलाय, कधी नुसतंच "झोप नीट." त्यामुळे मला ती सगळ्यात खात्रीची जागा वाटली.

आता मला एक कबूल करायचंय. शर्ट तेवढाच राहिला, दुसरं काही नाही, असं मी तुम्हाला लिहिलं होतं. ते खोटं होतं. ह्यांच्या उशीचा अभ्रा आहे. शर्टाबरोबर तोही दोन पिशव्यांत बांधून कपाटात, माझ्या पुस्तकांच्या मागं ठेवला होता. तुम्हाला एक देऊन टाकलं तरी आपल्याला दुसरं आहे, ह्या हिशेबानंच मी शर्ट पाठवू शकले. तुम्ही मला किती मोठ्या मनाची समजला असाल.

परवा दादा पुस्तकांवरची धूळ झाडायला गेले आणि त्यांना पिशवी सापडली. मी शाळेतून आले तर ते पिशवी मांडीवर घेऊन ओसरीत बसलेले. आता हीपण नीरेत जाणार, असं मला वाटलं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "गाठ नीट मार की पोरी. वारं लागलं की वास ऱ्हात न्हाई. मेंढराला सुदीक पिलाची वळख वासानंच पटती." मग म्हणाले, "तेच्या आईला इच्यारलंस का?"

मी रात्रभर विचार केला नाही, काही नाही. लगेच कात्री घेतली आणि अभ्रा मधून कापला. अर्धा ह्या पार्सलात आहे, दोन पिशव्यांत. ह्याचं अंडं करायचं नाही, कुणाला दाखवायचा नाही. ही चिठ्ठी पिशवीला बाहेरून टाचणीनं लावली आहे.

शाळेला सुट्टी लागली की मी येते. तोवर त्यांचं अंडं फांदीवरच राहू द्या. शर्ट धुतलेला आहे, तर घालायच्या कामाचा झाला. मी तो घालीन.

तुमची,
सोनाली

ता. क. पिशवी उघडण्याआधी खिडकी लावून घ्या. पंखा बंद करा.


सोलापूर
४ मे २०२५

प्रिय सोनाली,
सलाम.

पार्सल शुक्रवारी पोचलं. चिठ्ठी आधी वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. मग दोन दिवस पिशवी नुसती जवळ ठेवली. सोडायची भीती वाटत होती. अभ्र्याला खिसा नसतो हे माहीत असूनही बाहेरून सगळीकडं चाचपून बघितला.

आज नळाला पाणी आलं. लालबी सवयीनं बादली घेऊन आली आणि टेबलावरची पिशवी बघून तिनं हात पुढं केला. मी अशी ओरडले की तिच्या हातातून बादली पडली. कित्येक महिन्यांनी मला माझा स्वतःचा आवाज ऐकू आला. मग तिला सगळं सांगितलं, तेव्हा तिनंच खिडकी लावली, पंखा बंद केला आणि बाहेर जाऊन बसली.

मी गाठ सोडली. आधी मळीचा वास आला, कारखान्याचा. मग खोबरेल तेलाचा. आणि त्याच्याही खाली, अगदी थोडा, तो लहान असताना ताप उतरला की त्याच्या टाळूला यायचा तो. तो वास मी विसरून गेले आहे असं समजत होते. सोनाली, मला माझा पोरगा भेटला.

एकदाच घेतला. लालबीलासुद्धा दिला नाही. लगेच गाठ मारली, एकावर एक दोन. आता पुढच्या रविवारी सोडीन, एकदाच. तूही रोज घेऊ नकोस. आपल्याला तो पुष्कळ दिवस पुरवायचा आहे.

तुझी,
आई